दुसऱ्या खाचेतले आठ जीबी

आ-खिमनं तीन महिने उजवा हात खिशात ठेवला होता आणि गल्लीत कोणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. काओशुंग शहराच्या उकाड्यात माणूस खिशात हात घालून हिंडतो तो एकतर पैसे सांभाळत असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. आ-खिमकडे पैसे नसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्याकडे लपवण्याजोगं काही असेल असंही कोणाला वाटत नव्हतं.

पूर्ण नाव कान खिम-ग्वान. वय सत्तावन्न. घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायचे हा धंदा. आमची गल्ली छ्येनचेनच्या मासळी बंदरामागं. तिच्या तोंडाशी, स्कूटरच्या गॅरेजला लागून त्याचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि खाऱ्या हवेनं खाल्लेल्या यंत्रांचा ढीग. बंदराजवळच्या कॉम्प्युटरांना दोनच रोग होतात, गंज आणि पुतणे, असं तो म्हणायचा. गंज बारमाही, पुतणे सुट्टीत. याहून लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं.

हात पहिल्यांदा थरथरला तो जेवताना. माशाचा गोळा जेवायच्या काड्यांतून सुटला आणि रश्श्यात पडला. बायको म्हणाली, "आज गोळे फार गुळगुळीत झालेत." दुसऱ्यांदा एक स्क्रू टेबलाखाली गेला. पुढं त्यानं मोजणं सोडून दिलं. बायकोला सांगितलं, खांदा अवघडलाय. तिनं खांद्याला मलम चोळायला सुरुवात केली. तीन महिन्यांत त्याचा खांदा उत्तम झाला.

त्याचे वडील जहाजं तोडायच्या धक्क्यावर गॅसच्या ज्योतीनं पत्रे कापायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपला आपणच तर्जनीवर फिरायला लागला, कोणी माळ ओढावी तसा. साठीला ते चहाचा पेला दोन हातांनी धरू लागले आणि चौसष्टला दुसऱ्याच्या हातांनी. ते दुसरे हात आ-खिमचे. सहा वर्षं त्यानं तो पेला धरला होता, त्यामुळं पुढचं सगळं त्याला पाठ होतं. रात्री अंथरुणावर पडला की तो अंगठा मुठीत दाबून ठेवायचा. डॉक्टरकडे मात्र गेला नाही. डॉक्टर रोगाचं नाव सांगतात आणि नाव कळलं की घरात आणखी एक माणूस राहायला येतो, असं त्याचं मत होतं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर शी लुआन राहते. वय त्र्याहत्तर. आम्हा सगळ्यांची लुआन मावशी. रोज सकाळी सहा वाजता आमच्या भागातल्या चारशे फोनांवर एक गुलाबी कमळ उगवतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'सुप्रभात, पाणी भरपूर प्या.' ते कमळ मावशी काढते. गेल्या वर्षापासून तिनं देवळाच्या पालखीची फिल्म जोडायचं कामही अंगावर घेतलंय. चार कॅमेऱ्यांनी घेतलेली, सव्वातीन तासांची. देवीला कुठंही कापायचं नाही असा ट्रस्टींचा आग्रह असल्यानं ती कमी होत नाही.

मावशीचं आणखी एक सांगायला हवं. सतराव्या वर्षी ती इथल्याच निर्यातीच्या कारखान्यात लागली. भिंगाखाली बसून मोहरीहून बारीक काळे मणी केसाएवढ्या तारांत ओवायचे. एका चौकटीत असे हजारो मणी. चार वर्षं ती हेच करत होती. हे कशासाठी, ते पोरींना कोणी सांगितलं नाही. चौकटी अमेरिकेला जात एवढंच माहीत. दिसायला त्या चहाच्या चाळणीसारख्या असल्यामुळं अमेरिकेत लोक चहा फार पितात अशी मावशीची समजूत झाली होती.

तर ती फिल्म जोडताना मावशीचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी गोठायला लागला. यंत्रात आठ जीबी मेमरीची एक पट्टी होती. मावशीनं तशीच दुसरी पट्टी आणली, स्वतःच झाकण उघडून रिकाम्या खाचेत बसवली आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर आलं: बसवलेली मेमरी सोळा, वापरता येण्याजोगी सात पूर्णांक नऊ.

तिनं दुकानात फोन लावला.

"आ-खिम, मी याला सोळा वाढले आणि हा आठच जेवतोय."

"पट्टी नीट बसली नसेल, मावशी."

"दोन्ही टोकांना टक् टक् झालं. मी बहिरी आहे का?"

"मग सेटिंग असेल काहीतरी."

"असेल म्हणजे? डॉक्टर तू का मी?"

"येतो," आ-खिम म्हणाला. पण लगेच निघाला नाही.

कारण महिनाभरापूर्वी ते यंत्र त्यानंच उघडलं होतं. तापतंय म्हणून प्रोसेसर काढून साफ केला होता. मदरबोर्डावर प्रोसेसरची बैठक असते काडेपेटीपेक्षाही लहान. त्या चौकोनात हजाराहून जास्त सोनेरी टाचण्या, प्रत्येक केसाएवढी, सगळ्या एकाच बाजूला मान कलवून उभ्या. प्रोसेसर परत ठेवताना त्याचा हात उडाला आणि एक कोपरा आधी टेकला. आवाज काही झाला नाही. अंधारात अनवाणी पायाखाली भाताचं शीत यावं, तेवढंच बोटांना कळलं. यंत्र सुरू झालं, मावशीनं पपई कापून दिली, ती खाऊन तो घरी आला. त्या टाचण्यांपैकी काही फक्त दुसऱ्या खाचेशी बोलण्यासाठी असतात. तेव्हा दुसरी खाच रिकामी होती, त्यामुळं कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि कोणाला काही कळलंही नाही. आता तिथं पट्टी आली होती.

घाबरलेला माणूस सोप्या कारणांवर फार माया करतो. मावशीकडे पोचल्यावर आ-खिमनं एकेक सोपं कारण हाताशी धरून पाहिलं. विंडोज जुन्या जातीची, आठ जीबीच्या पुढं न मोजणारी असेल? नव्हती. सुरू होताना इतकीच मेमरी घे अशी मर्यादा कुणी घातली असेल? घातली नव्हती. मदरबोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये काही बंद असेल? सगळं चालू होतं. पट्ट्यांची अदलाबदल केली. पहिल्या खाचेत दोन्ही शहाण्यासारख्या चालल्या. मग पहिली खाच रिकामी ठेवून फक्त दुसऱ्या खाचेत पट्टी घातली. पडदा काळाच राहिला. यंत्रानं तीनदा शिट्टी दिली, म्हणजे मेमरी सापडत नाही.

त्या तीन शिट्ट्या आ-खिमला मणक्यात ऐकू आल्या.

"डाव्या हातानं का करतोयस रे?" मावशीनं पपईची बशी पुढं सरकवत विचारलं.

"खांदा."

"अजून? ते मलम फेकून दे."

आणि तेवढ्यात त्याला सुटकेची वाट दिसली. यंत्राच्या डोक्यावर हिरवं पाकीट होतं. आमच्याकडे यंत्र बिघडू नये म्हणून त्यावर ते असतंच. आत नारळाच्या चवीचे मक्याचे पोंगे, आणि पाकिटावर नावच 'शहाण्यासारखं वाग' या अर्थाचं. तिकिटाच्या यंत्रावर, बँकेतल्या कपाटांवर, शस्त्रक्रियेच्या खोलीतसुद्धा ते दिसेल. हिरवंच लागतं, कारण दिवा हिरवा म्हणजे सगळं ठीक. कोणी खाल्लेलं चालत नाही. आणि तारीख उलटलेली चालत नाही.

आ-खिमनं पाकीट उलटं केलं.

"मावशी, ही तारीख बघितलीत?"

मावशीनं चष्मा वर केला. "अगं बाई."

"एकोणीस दिवस झालेत."

"एकोणीस!" दारी आलेल्या पाहुण्याला एकोणीस दिवस पाणी विचारायचं राहून जावं, तसा तिचा चेहरा झाला. "मग काय करायचं?"

"नवं ठेवा. तीन दिवस बघू."

तो जिना उतरला. तीस वर्षांच्या धंद्यात त्यानं लोकांना बरंच काय काय सांगितलं होतं, पण पाकिटाच्या आड तो कधी लपला नव्हता. आमच्याकडचा मिस्त्री पाकिटावर विश्वास ठेवतो का, हे विचारायचं नसतं. तो ते सरळ करून ठेवतो, एवढंच. आ-खिमनं त्या पाकिटाकडून खोटी साक्ष काढून घेतली होती आणि बदल्यात तीन दिवस मिळवले होते.

ते तीन दिवस त्यानं मेलेल्या मदरबोर्डांवर घालवले. वाकलेली टाचणी सरळ करायची रीत अशी: शिसं काढलेल्या खटक्याच्या पेन्सिलीची पोकळ नळी टाचणीवर अलगद चढवायची आणि तिची मान हळूच वळवायची. पूर्वी तो हे रेडिओ ऐकत करायचा. आता अर्धं शटर ओढून, दिवा जवळ घेऊन, उजवं मनगट डाव्या हातानं टेबलावर दाबून त्यानं पाच बोर्ड घेतले. पहिल्यावर टाचणी तुटली, दुसऱ्यावर दोन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा तुटल्या होत्या आणि सरळ एकही झाली नव्हती. तुटलेली टाचणी परत लागत नाही. तो बोर्ड भंगारात जातो. गॅरेजवाल्यानं शटरखालून वाकून विचारलं, "मोजदाद चाललीय का?" आ-खिम घाईनं उठला आणि दिवा खाली पडला.

मग त्यानं दुसरा बेत केला. सोळा जीबीची एकच पट्टी आणायची आणि पहिल्या खाचेत घालायची. यंत्र सोळा दाखवेल, दुसरी खाच कायमची झाकून जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. तो जाऊन पट्टी घेऊन आला. बेत उत्तम होता. फक्त त्या रात्री त्याला वडील दिसले, हातात चहाचा पेला, आणि भरलेला पेला पुढं करून ते म्हणत होते, "आता तू धर." तो दचकून उठला. अंगठा मुठीतून सुटला होता.

सकाळी मावशीचा फोन आला. "नवं पाकीट ठेवलं. खरं तर दोन ठेवलीत. हा अजून आठवरच बसलाय. ये."

तो गेला तेव्हा मावशीनं खिडकीजवळचं टेबल रिकामं करून त्यावर पांढरं फडकं अंथरलं होतं. फडक्यावर यंत्र आडवं निजवलेलं. टेबलाच्या कडेला लोखंडी पकडीत बसवलेलं एक जुनं वाटोळं भिंग. ते पाहून आ-खिमनं घाईनं नवी पट्टी पुढं केली.

"मावशी, मी दुसरी पट्टी आणलीय. एकाच खाचेत सोळा. पैसे नकोत."

"आणि माझी पट्टी? तिचं लोणचं घालू?"

"परत देऊन टाकू."

"आणि दुसरी खाच?"

"ती राहू दे."

"का? तिनं काय पाप केलंय?"

आ-खिमनं पट्टी टेबलाच्या कडेला ठेवली.

"बस," मावशी म्हणाली. "तीन दिवस मी विचार करतेय. पाकीट शिळं झालं, कबूल. माझी चूक, मी देवासमोर उदबत्ती लावली. पण शिळं पाकीट बरोबर आठच जीबी कसं अडवतं? सात नाही, नऊ नाही. त्याला एवढं गणित येतं?"

"मावशी..."

"उजवा हात बाहेर काढ."

खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. आ-खिमला आधी आठवले ते चारशे फोन. उद्या सकाळी सहा वाजता कमळाखाली आपलं नाव येईल, साडेसहाला बायको विचारेल, सातला गॅरेजवाला, आणि आठच्या आत यंत्रं दुसऱ्या मिस्त्रीकडे जायला लागतील. त्यानं हात बाहेर काढला आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवला. अंगठा तर्जनीवर फिरत होता, माळ ओढावी तसा.

मावशीनं वाकून तो अंगठा बघितला.

"कधीपासून?"

"तीन महिने."

"म्हणजे माझं यंत्र उघडलंस तेव्हाही."

"तेव्हाही."

"मग खाचेचं..."

"मीच केलं, मावशी. आत टाचण्या वाकल्यात. बघितलं नाही, पण वाकल्यात. आणि सरळ करायला गेलो तर तुटतील. अकरा तोडल्यात मी."

"माझ्या?"

"नाही, भंगारातल्या."

"मग रडवेला कशाला होतोस? तुझ्या बाबांचा हात मी पाहिलाय, आ-खिम. मला काय नवीन दाखवतोयस?" एवढं बोलून तिनं भिंगाचा दिवा लावला. "कसं उघडायचं सांग."

"तुम्ही?"

"नाही, ट्रस्टींना बोलावते. सांग."

त्यानं सांगितलं. आधी भिंतीतली वायर काढा. आता पंख्याचे चार स्क्रू, तिरके तिरके. आता ती कडी दाबून बाहेर घ्या. प्रोसेसर सरळ वर उचला, सरळ, मावशी, सरळ! मावशीनं तो सरळच उचलला होता. ओरडणाऱ्याचाच आवाज तिरका गेला.

भिंगाखाली सोनेरी शेत दिसलं. कोपऱ्यात दोन टाचण्या शेजारणींच्या अंगावर रेलल्या होत्या.

"या दोघी होय," मावशी म्हणाली. "भांडण झाल्यासारख्या दिसतायत."

आ-खिमनं पेन्सिल पुढं केली. मावशीनं ती पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही कसली पहार?" तिनं भरतकामाच्या डबीतून सुई काढली, तिचं टोक गालाला लावून पाहिलं.

"मावशी, एक तुटली तरी पूर्ण बोर्ड जाईल."

"माहीत आहे."

"पहिली खाचही जाईल. मग आठही राहणार नाहीत."

"आ-खिम, आमची मुकादमीण सांगायची, श्वास पूर्ण सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी जी जागा असते ना, तेवढ्यात हात लावायचा. मण्यात तार तेव्हाच जाते. तुझ्या बडबडीत मला ती जागा सापडत नाहीये."

मावशीनं श्वास सोडला. सुई खाली गेली. तिच्या मानेवरची शीर उडत होती, पण बोटं जणू दुसऱ्या कोणाची होती. पहिली टाचणी जराशी उठली. मावशीनं श्वास घेतला, सोडला, पुन्हा सुई लावली. आ-खिमनं डोळे मिटले. मिटल्यावर तुटल्याचा आवाज ऐकू यायला लागला म्हणून उघडले. टाचणी शेजारणींसारखी उभी होती. दुसरी जास्त वाकलेली होती. तिला वीस मिनिटं लागली. मधेच एकदा मावशी थांबली आणि म्हणाली, "हिच्या मुळाशी पांढरं दिसतंय." म्हणजे टाचणी तुटायला आली होती. आ-खिमच्या तळहाताला घाम सुटला आणि फडक्यावर उमटला.

"सोडा तिला, मावशी."

"अर्ध्यात तार सोडून मी आयुष्यात उठले नाही," असं म्हणून तिनं श्वास सोडला.

प्रोसेसर तिनंच ठेवला. पट्ट्याही तिनंच दोन्ही खाचांत बसवल्या. टक् टक्, टक् टक्. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आ-खिम शिट्ट्यांची वाट बघत होता. अशा वेळी यंत्राला नव्या मेमरीची ओळख करून घ्यायला मिनिटभर लागतं, हे तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेला माणूस ते साफ विसरला होता.

मग पडदा उजळला. बसवलेली मेमरी सोळा, वापरता येण्याजोगी पंधरा पूर्णांक नऊ.

"हा एक दशांश कुठं गेला?" मावशीनं विचारलं.

"तो पडद्यासाठी राखून ठेवतात. सगळ्यांचाच जातो." मग तो म्हणाला, "मावशी, कारखान्यात तुम्ही चाळण्या ओवायचात ना? त्या म्हणजे हीच. त्या काळच्या कॉम्प्युटरची मेमरी."

"चहाच्या नाहीत?"

"नाहीत."

मावशीनं खुर्चीला पाठ टेकली. "चार वर्षं," ती म्हणाली. "एकानं तरी सांगायचं." मग ती पुढं वाकली आणि तिनं मोठ्या इस्पितळाचं पान उघडलं. "मेंदू आणि नसा, हेच ना? ओळखपत्राचा नंबर सांग."

"आत्ता नको, मावशी. पालखीची फिल्म..."

"देवी थांबेल. नंबर."

सांगताना तो दोनदा चुकला. पडद्यावर प्रश्न आला: पहिलीच भेट का? मावशीनं 'हो' वर टिचकी मारली. सोमवार, सकाळ, सदतीसवा नंबर. "आणि आज घरी जाऊन बायकोला सांग. त्या खांद्याची दया कर."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता नेहमीसारखं कमळ आलं. आ-खिमनं फोन उघडला तेव्हा अंगठ्यानं तो दोनदा बंद केला. कमळावर नाव नव्हतं. 'सुप्रभात, तपासण्या वेळच्या वेळी करा,' एवढंच होतं. चारशे जणांनी ते आपापल्या अंगाला लावून घेतलं. मीही रक्तदाब मोजून आलो.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण एवढं दोघांच्याही बोलण्यात आहे. सोमवारी इस्पितळाच्या बाकावर आ-खिम मध्ये, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मावशी. समोर दारावर तांबडे आकडे: चौतीस. आ-खिमला डॉक्टरांचं तोंड दिसत होतं, ते नाव सांगायला उघडत होतं. तो उठला. "लघवीला जाऊन येतो," म्हणाला. बायकोनं शर्टाचं टोक धरलं. आता तिला सगळं माहीत होतं, आणि तिनं त्याला एका शब्दानं टोकलं नव्हतं. त्याची त्याला आणखीच धास्ती होती.

"दोनदा जाऊन आलायस," मावशी म्हणाली. "बस."

तिनं पिशवीतून हिरवं पाकीट काढलं आणि त्याच्या मांडीवर उजव्या हाताखाली उभं करून ठेवलं.

"तारीख बघितलीय. पुढच्या वर्षीची."

"मावशी, मी काय यंत्र आहे?"

"नाहीस. यंत्रानं तीन महिने लपवलं नसतं."

हात थरथरत होता आणि त्याखाली पाकीट कुरकुर वाजत होतं. शांत बसलेल्या त्या रांगेत तो आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. कोणी हसलं नाही. तिथं सगळे आमचेच लोक. पलीकडच्या एका म्हाताऱ्यानं तेवढी मान वाकडी करून तारीख वाचली आणि समाधानानं सरळ बसला.

पस्तीस. छत्तीस गेला आणि फार वेळ आतच राहिला. मग दार उघडलं, तो बाहेर आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. वरचा आकडा सदतीस झाला. बायको उठली, मावशी उठली. आ-खिमनं पाकीट पोटाशी धरलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच उजवा हात खिशात न घालता तो चार लोकांसमोर उभा राहिला.